नर्सबाईंची बोलकी सटवाई

कोकिळा सरकारी नर्स होऊन पूर्णेला आली, तेव्हा लोकांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. पायात बूट होते. बाईमाणसानं बूट घालावेत, ते घालून रस्त्यानं टकाटक चालावं आणि वर कुणी पाहिलं तर आपणच त्याला 'काय पाहता' म्हणून विचारावं, हे पूर्णेला जरा जड गेलं. खरं तर ती तिथलीच पोर. बाप रेल्वेत सांधेवाला होता. कुणा डॉक्टरांच्या ओळखीनं तो तिला हैदराबादला जनाना दवाखान्यात शिकायला सोडून आला आणि भावकीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढं तीच भावकी आपापल्या सुनांसाठी तिच्या दाराशी येऊन उभी राहिली, पण तो वेगळा विषय.

नवरा राधाकिशन शिंपी. स्टेशनसमोर त्याचं मशीन. मुळात माणूस गमत्या. बायको खेड्यावर गेली की हा चूल पेटवायचा आणि कुणी हसलं तर म्हणायचा, "तिच्या भाकरी खाऊन बघा एकदा, मग तुमीबी चूल पेटवताल." कोकिळेचा हात बाळंतपणात जितका हलका, तितकाच भाकरीत जड होता, आणि ती हे स्वतःही कबूल करायची.

दवाखान्यात बाळंतपणाला कुणी येत नसे. बाईनं घरातच बाळंत व्हायचं, ते सोडून सरकारी खाटेवर कशाला, असा सगळ्यांचा रोकडा सवाल. म्हणून कोकिळाच पिशवी घेऊन बैलगाडीनं गावोगाव फिरायची. तिथं तिची गाठ पडली टाकळगावच्या धुरपदाबाईशी.

धुरपदाबाई सुईण. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं तिच्याच हातात जन्मलेली, त्यामुळे ती मोठमोठ्या बाप्यांना, अगदी पोलीस पाटलालाही "ये बाळ्या" म्हणायची आणि पाटील निमूट यायचा. ती नाळ कापायची विळ्यानं. विळाही साधा नाही, ज्या विळ्यानं त्या साली ज्वारीचं पहिलं कणीस कापलं तोच. कोकिळेनं पिशवीतून कात्री काढली तर धुरपदाबाई म्हणाली, "कात्रीनं कापड कापत्यात, पोरी. तुझ्या नवऱ्याला दे ती."

वाद घालून काही होत नाही हे कोकिळेला लवकर कळलं. पण बाळं आठवडाभरात ताठून जात होती, ती त्या विळ्याच्या घाणीनं, हेही तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "बरं मावशी, विळाच घ्या. फक्त खळखळ उकळलेल्या पाण्यात घालून घ्या." धुरपदाबाईनं मान डोलावली. विळा चांगला उकळला. मग तो बाहेर काढून, आगीतून आलेलं लोखंड म्हणून त्याला हळदकुंकू वाहिलं, शेणाच्या गोळ्यात उभा खोवला आणि सगळ्या बाया त्याच्या पाया पडल्या. कोकिळा कपाळाला हात लावून बसली. विळा पुन्हा उकळायला लावला, तर पुन्हा पूजा. शेवटी ती म्हणाली, "मावशी, पूजा आधी करा की. आन् गरम पाण्याचा अभिषेक शेवटाला." धुरपदाबाईनं क्षणभर विचार केला. "मग तसं सांगावं का न्हाई आधीच," ती म्हणाली. त्या दिवसापासून टाकळगावात पूजा आधी आणि उकळी नंतर असा रिवाज पडला, बाळं ताठायची थांबली आणि दोघींची जोडी जमली. कोकिळेच्या पिशवीतल्या साबणावर धुरपदाबाई खूश, आणि पोटावर नुसता हात ठेवून बाळ कसं आहे हे सांगणाऱ्या धुरपदाबाईच्या बोटांवर कोकिळा.

एका गोष्टीत मात्र कोकिळा हरत होती. ती म्हणजे बाईचा पहिला चीक. बाळंत झाल्यावर पहिलं पिवळसर दूध येतं ते वाईट समजायचे. ते पिळून चुलीमागच्या भिंतीवर टाकायचं, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत लेकराच्या तोंडात गुळाच्या पाण्याची वात द्यायची. दणकट लेकरं त्यातूनही तगायची. नाजूक मात्र गळून जायची आणि लोक म्हणायचे, तेवढंच आयुष्य होतं. कोकिळेला हे ऐकवत नसे. तिनं समजावलं, हात जोडले, रागावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

श्रावणात टाकळगावच्या बन्सीधररावांची सून बाळंत झाली. बन्सीधरराव गावातले मोठे जमीनदार, बोलायला कमी. त्यांच्या वाट्याचंही बोलणं त्यांच्या बायकोनं, बायनाबाईंनी, उचललेलं. पोरगा झाला, पण मूठभर. हातावर घेतला तर वजन कळत नव्हतं. बायनाबाई गुळाचं पाणी करायला उठल्या तशी कोकिळा आडवी आली.

"बायनाबाई, तुमची गाय व्याली तर चीक वासराला पाजता का न्हाई?"

"पाजतो की."

"आन् उरलेल्याचा खरवस करून खाता."

"लय आवडतो आमच्या मालकाला."

"मग गाईचा चीक चांगला आन् बाईचा वाईट कसा काय?"

बायनाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू विचारतायत, या बाईला सरकार तनखा कशाबद्दल देतं. "वासरू आन् लेकरू एकच हाय का बाई? वासरू जलमल्या जलमल्या उभं ऱ्हातं. ह्यो ऱ्हाईल का?"

बाळ तोंड वळवायलाही थकलेलं होतं. कोकिळेनं त्याच्याकडे पाहिलं, बायनाबाईंच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "राती सपनात सटवाई आली व्हती. मला म्हणली, पहिला चीक मपला परसाद हाय. भिंतीवर टाकला तर त्या घरी पाचवीला मी लिहायला यायची न्हाई."

पाचवीला सटवाई येऊन लेकराच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. ती आलीच नाही तर कपाळ कोरं राहणार. बायनाबाईंनी वाटी खाली ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, "घे गं बाई, घे पदराखाली." पोराला छातीशी धरलं, तो आधी नुसताच चुळबुळला आणि मग असा चिकटला की सोडेना. कोकिळेला रडूही आलं आणि हसूही. कोपऱ्यात बसलेली धुरपदाबाई तेवढी तिच्याकडे टक लावून पाहत होती, पण कोकिळेचं तिकडे लक्ष गेलं नाही.

पोरगा महिन्यात गुटगुटीत झाला आणि बातमी पंचक्रोशीत पसरली. चीक कुणी टाकेना. कोकिळेचे पाय जमिनीला लागेनात. इतकी वर्षं समजावून जे झालं नाही ते एका स्वप्नानं केलं. स्वप्न पडलं नव्हतं एवढंच.

पण लोक तेवढ्यावर थांबतात होय. ज्या बाईशी सटवाई बोलते तिला बाकीचंही विचारायला काय हरकत आहे? बाया दवाखान्यात येऊ लागल्या. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या पोरीचं जमेना, कुणाचा नवरा रात्री खोकतो. कोकिळा सांगायची, "बाई, मी नर्स हाय." बाया समजूतदारपणे माना हलवायच्या आणि नारळ ठेवून जायच्या. राधाकिशनची मात्र चंगळ होती. सुईत दोरा ओवता ओवता कुणीतरी त्याच्याही पाया पडायचं, देवीचा मालक म्हणून. "बघ, बापजल्मात कुणी मपल्या पाया पडलं नव्हतं," तो म्हणायचा, आणि रोज खोबऱ्याची चटणी वाटायचा. कोकिळा चिडली की म्हणायचा, "माझ्यावर कशाला रागावतीस? सपान तुला पडलंय."

दवाखान्याचे डॉक्टर जाफरसाहेब भले गृहस्थ होते. त्यांनी आधी चेष्टा केली, "कोकिळाबाई, तुम तो पीर हो गये. मेरे सरदर्द का भी कुछ करो." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मगर सुनो. देवी के नाम पे दवा देते रहे तो कल लोगां देवीच को बुलाते, तुमको नक्को." कोकिळेला ते लागलं. पण बाळं पितायत, जगतायत, मग बिघडलं कुठं, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि विषय सोडून दिला.

एक गोष्ट मात्र तिला खुपत होती. धुरपदाबाई तुटक वागायला लागली होती. बोलावलं तर म्हणायची, "तुला आता माझं काय काम." दिसायलाही वाळली होती. कोकिळेनं मनाशी ठरवून टाकलं की म्हातारी जळते. नावलौकिक कुणालाही हवासा असतो. तिनंही मग मावशीच्या घराकडची वाट कमी केली.

पौषात हुरडा ऐन भरात असताना टाकळगावहून सटवाजी नावाचा गडी सकाळी घोडीवर आला. बन्सीधररावांची लेक कस्तुरा पहिलटकरीण, पाथरीकडच्या सासरहून बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या. त्यामागोमाग बैलगाडी आलीच. कोकिळा पोचली तेव्हा घरात रिवाजाप्रमाणे सगळं मोकळं केलेलं होतं. पेट्यांची कुलपं काढलेली, दाव्यांच्या गाठी सोडलेल्या, कणगीचं झाकण उघडं, घरच्या बायांच्या वेण्या सुटलेल्या. कुठं काही अडून राहू नये म्हणून. धुरपदाबाई कस्तुरेच्या पायाशी बसली होती.

कोकिळेनं हात धुतले आणि पोटावर ठेवले. बाळाचं डोकं खाली लागलं नाही. वरही लागलं नाही. लागलं ते उजव्या कुशीला, टणक आणि गोल. तिनं वर पाहिलं.

"आडवं हाय," धुरपदाबाई हळूच म्हणाली. "सकाळधरनं तसंच हाय."

दोघींनाही याचा अर्थ माहीत होता. आडवं मूल आपण होऊन बाहेर येत नाही. धुरपदाबाईनं तरुणपणी आत हात घालून ओढण्याचे प्रकार केले होते, आणि त्यातल्या बाया तिला अजून आठवत होत्या. एक बरं होतं, कळा अजून विरळ होत्या आणि पाणी फुटलं नव्हतं. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. दुपारच्या आगगाडीनं पोरगी तिथं पोचली तर आई आणि लेकरू दोन्ही हाती लागायची आशा होती. इथंच राहिली तर दोन्ही जायची.

कोकिळा ओसरीवर आली आणि बन्सीधररावांना म्हणाली, "परभणीला न्यावं लागतंय. आत्ता."

"जावयाला इचारल्याबिगर?" बन्सीधरराव म्हणाले. "लेक आता त्यांची हाय. मी पाथरीला माणूस धाडतो. त्यांचा निरोप येऊ द्या."

"निरोपाला उद्याचा दिवस उजाडंल."

बायनाबाई पदर सावरत पुढे आल्या. त्या अजिबात घाबरलेल्या नव्हत्या आणि कोकिळेला त्याचंच भय वाटलं. "परभणी कशाला लागतीय बाई? तुमी हायात की. देवीला इचारा. काय मागंल ते देतो आमी."

एक क्षण कोकिळेला वाटलं, वाट सापडली. एक खोटं आधी चाललंच आहे, त्यावर आणखी एक. ती डोळे मिटून म्हणाली, "देवी म्हणतीय, परभणीला न्या."

बायनाबाईंनी मान हलवली. "आवो, असं कसं म्हणंल ती? सटवाईला डॉक्टरची काय गरज? तिनं मनावर घेतलं तर लेकरू हितंच सरळ व्हतंय. तिचं कायतरी राहिलं आसंल आमच्याकडून. नीट इचारा. खण पायजे का कोंबडं पायजे?" आणि त्यांनी पाट मांडला, वर तांदूळ पसरले, कोकिळेला हाताला धरून त्यापुढे बसवलं. शेजारपाजारच्या बाया हात जोडून उभ्या राहिल्या. आतून कस्तुरा कण्हल्याचा आवाज आला.

कोकिळा त्या पाटासमोर बसून राहिली. तिला जाफरसाहेब आठवले नाहीत, की हैदराबादेत शिकलेलं काही आठवलं नाही. तिला फक्त दिसलं की आपणच आणलेली सटवाई दारात ठाण मांडून बसलीय आणि ती आता गाडी जुंपू देत नाही. खरं सांगावं तर उद्यापासून पुन्हा चीक भिंतीवर. किती लेकरं वातीवर गळतील कोण जाणे. आणि न सांगावं तर ही आत कण्हतेय ती.

"बायनाबाई, सटवाई माझ्याशी कधीच बोलली न्हाई," ती म्हणाली. "मला सपान पडलं नव्हतं. तुमचा नातू मूठभर व्हता, तुमी ऐकनात, म्हणून मी खोटं बोलले. आत्ताबी बोलले. मला देवीचं काय कळत न्हाई. मला नर्सचं काम कळतं, आन् ते सांगतंय की कस्तुराला परभणीला न्यायला पायजे."

बन्सीधरराव उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "म्हंजे तुमी आमाला फसवलं."

"व्हय."

"देवीच्या नावानं."

"व्हय, मालक."

"मग आता तरी तुमचं काहून ऐकावं आमी?"

तेवढ्यात दारातून धुरपदाबाई पुढे आली. तिचा चेहरा भलताच विचित्र झाला होता. "एकदाबी न्हाई बोलली?" तिनं विचारलं. "खरंच? लेकरांची आन घेऊन सांग."

"आन घेते मावशी. एकदाबी न्हाई."

म्हातारीच्या डोळ्यांत एकदम चमक आली. बायांना वाटलं, हिला आनंद झाला, नर्सबाई उघडी पडली म्हणून. मग ती बन्सीधररावांकडे वळली आणि म्हणाली, "बाळ्या, लेकरू आडवं हाय. हे मी सांगायलेय, तुझी नाळ कापणारी. हितं माझा हात चालायचा न्हाई."

कोकिळेनं बन्सीधररावांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. ती आत जाऊन कस्तुरेजवळ गुडघे टेकून बसली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की सकाळपासून जावयाला विचारायचं चाललंय, देवीला विचारायचं चाललंय, आणि ही इथं निजलेली पोर सगळं ऐकतेय. हिला कुणी काही विचारलेलं नाही. आपणही नाही.

"कस्तुरा, ऐक," ती म्हणाली. "लेकरू पोटात आडवं झालंय. हितं ते निघायचं न्हाई. परभणीला डॉक्टरीणबाई हायत. त्या पोटावरनं हातानं फिरवून बघतील. फिरलं तर बरंच. न्हाई फिरलं तर पोट कापून काढावं लागंल. मी तसल्या बाया पायांनी घरी जाताना बघितल्यात. एक न गेलेलीबी बघितलीय. खोटं सांगायची न्हाई तुला. तुला काय करायचंय ते तू सांग."

कस्तुरेनं एक कळ दात आवळून जाऊ दिली. मग विचारलं, "तुमी संगं येता का?"

"येते."

"धुरपदा आजी?"

"येते की," धुरपदाबाई म्हणाली.

"मग चला," कस्तुरा म्हणाली, आणि ओसरीवरच्या बापाला ऐकू जाईल एवढ्यानं पुन्हा म्हणाली, "दादा, मी जायलेय."

बन्सीधररावांनी गड्याला हाक मारली नाही. स्वतःच गोठ्याकडे गेले, बैल सोडून आणले आणि गाडीला जुंपले. सटवाजीला घोडीवर पुढे पिटाळलं, राधाकिशनकडे निरोप देऊन की आगगाडी कशीही करून थांबवायची. बायनाबाईंनी गाडीत गोधड्या टाकल्या, खाली ज्वारीचा कडबा अंथरला आणि रडत रडत आपणही चढल्या. कोकिळेकडे त्यांनी पाहिलंही नाही.

काळ्या मातीतली वाट, त्यात बन्सीधररावांसारखा माणूस बैलांना जपून हाकणारा. एरवी जी गाडी उधळायची ती त्या दिवशी पाळण्यासारखी गेली. स्टेशन दिसलं तेव्हा आगगाडी फलाटाला उभी होती, आणि सुटायची वेळ केव्हाच टळून गेलेली. फलाटावर राधाकिशन गळ्यात टेप घालून गार्डसाहेबांच्या नव्या कोटाची मापं घेत होता. छाती झाली, पाठ झाली, खांदे झाले, आता पुन्हा छाती. "साहेब, श्वास सोडा. आता घ्या. ह्या दोन्हींत फरक पडायलाय, एकदा परत बघतो." गार्डसाहेबांना आपल्या छातीचा अभिमान होता. त्यांनी तिसऱ्यांदाही फुगवून दिली. बैलगाडी फाटकातून आत शिरलेली पाहिल्यावर राधाकिशननं टेप गुंडाळला आणि म्हणाला, "झालं. आता एक अडलेली बाई चढू द्या, मग शिट्टी मारा. कोट असा शिवतो की तालुकदारानं सलाम करावा." गार्डसाहेबांना सगळं कळलं. त्यांनी शिट्टी खिशात घातली आणि स्वतः जनाना डब्याचं दार धरून उभे राहिले.

धुरपदाबाई पहिल्यांदाच आगगाडीत बसत होती. मिरखेल गेलं, पिंगळी गेलं, तरी तिनं कस्तुरेचे पाय सोडले नाहीत. गाडी हलली की ती कस्तुरेला धीर द्यायची, "भिऊ नको," आणि स्वतःचे डोळे घट्ट मिटून घ्यायची. कळांमधून कस्तुरेला हसू फुटलं. कोकिळा पोटावर हात ठेवून मनातल्या मनात म्हणत होती, पाणी फुटू नको, एवढ्यात फुटू नको. कुणाला म्हणत होती तिचं तिला ठाऊक.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कोकिळेकडे पाहून मान हलवली आणि पडद्याबाहेर डोकावून विचारलं, "पेशंटचे मालक कोण? आधी फिरवून पाहते, नाही जमलं तर ऑपरेशन. चालेल ना?"

बन्सीधरराव बाकावरून उठले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "तिलाच इचारा. आमी नुसते संगं आलाव."

डॉक्टरीणबाईंनी नवलानं त्यांच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन कस्तुरेला विचारलं. कस्तुरा म्हणाली, "फिरवा."

दोन कळांच्या मधल्या उसंतीत डॉक्टरीणबाई हात चालवत होत्या. पोटावरूनच एक तळवा बाळाच्या डोक्यावर, एक त्याच्या ढुंगणावर, जरा ढकलायचं आणि थांबायचं. कोकिळा कस्तुरेचा श्वास मोजत होती. धुरपदाबाई भिंतीला टेकून त्या हातांकडे बघत होती आणि तिची स्वतःची बोटं पदरावर तशीच हलत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग पोटाचा आकारच बदलला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आडवं होतं ते उभं झालं.

"आली सरळ," धुरपदाबाई म्हणाली. ती मुलगी होती हे तिला तेव्हाच कसं कळलं, देव जाणे. दिवस मावळायच्या आत कस्तुरा मोकळी झाली. पोरगी काळीसावळी, डोक्यावर केसच केस, आणि आवाज असा की बाहेरचे बन्सीधरराव दचकून उभे राहिले आणि मग लहान पोरासारखे हसायला लागले.

बायनाबाईंनी नातीला पुसून घेतलं, कमरेला कडोसरीत खोवलेली गुळाची पुडी काढली आणि वाटी मागितली. "देवी बोललीच नव्हती म्हणल्यावर आपलं जुनंच बरं," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

कोकिळेला हेच होणार हे माहीत होतं. तिच्याजवळ आता सटवाई नव्हती. जुनंच, चालत नसलेलं नाणं होतं, तेच तिनं काढलं. "बायनाबाई, तुमच्या गाईचा चीक..."

"आई," कस्तुरा मधेच म्हणाली, "आण ती हिकडं. मपली छाती दाटून आलीय आन् ती रडायलीय. ह्यात कुणाला काय इचारायचंय?" तिनं हात पुढे केले. बायनाबाई वाटी घेऊन तशाच उभ्या. मग त्यांनी पुडी कडोसरीला खोवली, पोरगी लेकीच्या कुशीत दिली आणि पदर नीट केला. थोड्या वेळानं, अजूनही दुसरीकडे बघत, कोकिळेला म्हणाल्या, "नातवाला तर मानवला व्हता म्हणा."

कोकिळा बाहेर व्हरांड्यात आली. पायरीवर धुरपदाबाई एकटीच बसली होती आणि रडत होती. कोकिळेला वाटलं, थकली. जवळ बसून ती म्हणाली, "मावशी, चुकले मी. तुमच्या देवीचं नाव घेतलं."

"चुकलीस," धुरपदाबाई म्हणाली. "लय चुकलीस. आगं, उभी हयात मी सटवाईचं काम केलं. पोरं काढली, तिच्या पाचव्या पुजल्या. एक शब्द बोलली न्हाई कधी. आन् तू काल आलेली, तुझ्या सपनात येऊन सांगती, चीक टाकू नका म्हणून. म्हंजे मी जलमभर चुकीचंच करत व्हते, आन् तिनं मला सांगितलंबी न्हाई. मी म्हणलं, माझ्या हातनं कायतरी पाप झालं. माझ्यावर रुसली. श्रावणापासनं एक वेळ जेवायलेय मी तिच्या नावानं, तिनं एकदा तरी बोलावं म्हणून."

म्हातारी जळते असं कोकिळा इतके महिने समजत होती. लेकरांसाठी बोललेलं ते खोटं या म्हातारीला रोज अर्धपोटी निजवत होतं, आणि तिला पत्ता नव्हता. तिनं धुरपदाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडली.

धुरपदाबाईनं तिला खांद्याला धरून उठवलं. तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर एकदम असं हसू आलं की कोकिळा बघतच राहिली.

"म्हंजे ती तुझ्याशीबी बोलत न्हाई," धुरपदाबाई म्हणाली. "कुणाशीच बोलत न्हाई ती. मग माझ्यावर रुसली नव्हतीच की." आणि डोळे पुसून तिनं व्हरांड्याच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या बन्सीधररावांना हाक मारली, "ये बाळ्या, बाजारातनं कायतरी खायला आण. दोघींना आण, आन् भरपूर आण. लय भूक लागलीय मला."